नळीवरच्या पेशंटचं ‘ओरल केअर किट’ : तीन महिने वापरलं, आता लिहिते

ज्यांना नळीतून अन्न द्यावं लागतं अशा पेशंटचं तोंड साफ करायचं हे किट. ११५० रुपयांना घेतलं, सोलापुरात रेल्वे लाईन्स भागात हॉस्पिटलं आहेत त्या बाजूच्या एका सर्जिकलच्या दुकानातून. पाचपैकी अडीच स्टार. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण नंतर मी आणखी तीन दुकानं फिरले तर डब्यावरची नावं वेगवेगळी आणि आत जवळपास हेच सामान. म्हणजे २ सक्शनचे (तोंडातलं पाणी ओढून घेणारे) ब्रश, २० स्पंजच्या काड्या, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाची एक बाटली, तोंड ओलं ठेवायच्या जेलची ट्यूब, लिंबू-ग्लिसरीन लावलेल्या १० काड्या आणि जीभ साफ करायचा एक पोपटी प्लास्टिकचा तुकडा. माहितीपत्रक नाही. मराठीत नाही असं नाही, कुठल्याच भाषेत नाही.

पेशंट म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही सगळे आक्का म्हणतो, वय ७४. जानेवारीत इथली गड्ड्याची यात्रा चालू होती त्याच दिवसांत त्यांना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणं गेलं. आधी महिनाभर नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब (अन्न द्यायची नळी) होती, ती त्यांनी डाव्या हाताने दोनदा उपसून काढली. मग फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टर म्हणाले गिळणं लवकर येईलसं दिसत नाही, पोटातून पेग ट्यूब टाकू, म्हणजे पोटाला छोटं भोक पाडून थेट जठरात अन्न पोचवणारी नळी. ते झालं व्यवस्थित. अर्ध्या तासात बाहेर आले डॉक्टर, आमचं नाक-डोळे पुसणं पण संपलं नव्हतं. ही पद्धत म्हणे १९७९ मधे अमेरिकेत क्लीव्हलंडला पहिल्यांदा एका तान्ह्या बाळावर केली होती, त्याआधी पोट उघडून ऑपरेशनच करायला लागायचं.

डिस्चार्जला आम्हाला दोन पानं दिली. ट्यूबमधून पाणी किती, फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) किती, जखम कशी पुसायची, सगळं लिहिलेलं. तोंडाबद्दल एक ओळ नाही. आणि खरं सांगते, आमच्याही डोक्यात आलं नाही. तोंडाने खाणंच बंद आहे तर तोंड घाण कशाने होणार, असंच वाटतं ना? आमच्या मावशी (दिवसभर आक्कांजवळ असतात त्या) तर मला स्पष्टच म्हणाल्या, “ताई, तोंडानं काई खाईनात की त्या, मग घासायचं कशाला उगं?” मी पण म्हटलं बरोबर आहे.

नवव्या दिवशी ताप. श्वास घेताना छातीत घरघर, आणि तोंडाला असा वास की मी मास्क लावून जवळ गेले आणि मग त्याची लाज वाटली. परत अ‍ॅडमिट. एक्सरेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. माझे मिस्टर डॉक्टरांशी जवळजवळ भांडायलाच निघाले की अहो एक थेंब तोंडाने दिला नाही आम्ही, गेलं काय मग फुफ्फुसात? तर डॉक्टर म्हणाले, लाळ. माणूस जेवो न जेवो, लाळ सुटतच असते, आणि गिळता येत नसेल तर ती हळूहळू श्वासनलिकेत उतरते. एका मिली लाळेत कोट्यवधी जंतू असतात, आणि तोंड घासलेलं नसेल तर तेच सगळं फुफ्फुसात जातं. ट्यूब टाकली म्हणून हा न्यूमोनिया टळत नाही, ट्यूब फक्त पोटाची सोय करते. वर आणखी एक गोष्ट, चावणं बंद झालं की लाळ कमी होते, आणि जेवताना दात-जीभ जी आपोआप घासली जातात ते पण बंद. म्हणजे न खाणाऱ्याचं तोंड खाणाऱ्यापेक्षा जास्त घाण. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर सहा दिवस आणि बिल दोन्ही वाचलं असतं.

त्याच अ‍ॅडमिशनमधे वॉर्डातल्या सिस्टरनी तोंड उघडून टॉर्च मारला आणि मला बोलावलं. टाळूला वाळलेले पिवळट पापुद्रे चिकटलेले, जिभेवर पांढरा थर. आणि वरच्या बाजूला अर्धी कवळी तशीच बसवलेली! ती मावशींनी घातली होती, भेटायला लोक येतात तर तोंड बरं दिसावं म्हणून, प्रेमानेच, पण रात्री काढायची राहिली आणि मग चार दिवस राहिलीच. कवळीखाली बुरशी. त्याचं वेगळं औषध लिहून दिलं, दिवसातून तीनदा लावायचं, पंधरा दिवस चाललं ते.

तर अशा घाबरलेल्या अवस्थेत मी त्या दुकानात गेले, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच दिसतं. “हे किट घ्या मॅडम, आयसीयूत हेच वापरतात.” घेतलं.

आता एकेक वस्तू. सक्शनचा ब्रश ही या डब्यातली खरी कामाची गोष्ट. मऊ दाते, दांडीतून पोकळ नळी, ती सक्शन मशीनच्या पाईपला जोडायची. दांडीवर एक छोटं भोक असतं त्यावर अंगठा ठेवला की खेच सुरू, उचलला की बंद. म्हणजे एकीकडे घासायचं आणि तोंडात जमलेलं पाणी-फेस तिथल्या तिथे ओढून घ्यायचं, घशात काही उतरत नाही. ज्यांना चूळ भरता येत नाही, थुंकता येत नाही, त्यांच्यासाठी याच्याइतकं दुसरं काही मी पाहिलं नाही. मशीन मात्र वेगळं, आम्ही भाड्याने घेतलं, आणि बॅटरी असलेलंच घ्या कारण आमच्या जुळे सोलापुरात उन्हाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, एकदा अर्धं तोंड घासून झालं आणि लाईट गेले तेव्हा आमचं बॅटरीवालं नव्हतं, आक्कांना पटकन कुशीवर वळवून तोंड खाली केलं आणि टॉवेलवर सगळं निथळू दिलं. मशीनचा आवाज मिक्सरसारखा, पहिले चार दिवस आक्का दचकायच्या.

अर्धा स्टार इथेच कापला. ब्रशच्या पाकिटावर २ चा आकडा आणि त्यावर काट असं चिन्ह आहे. दुकानदार म्हणाला धुऊन वापरा, महिना जातो. सिस्टरला विचारलं तर त्या चिन्हाचा अर्थ एकदाच वापरायची वस्तू, त्या आतल्या बारीक नळीत घाण राहते ती धुऊन निघत नाही. मग दोन ब्रश म्हणजे एक दिवस! महिन्याचं किट म्हणून विकायचं आणि त्यात एका दिवसाचे ब्रश. सुटा ब्रश घ्यायला गेले तर “सुटा मिळत नाही, किटच घ्या.” परत घेत नाही म्हणाला ते वेगळंच.

स्पंजच्या काड्या. यासाठी पूर्ण एक स्टार गेला. दिसायला छान, गुलाबी फुलासारखा स्पंज, मावशींना तर त्याच आवडल्या कारण सोप्या. पण एक, याने दातावरचा थर निघत नाही, फक्त ओलं होतं. दोन, आणि हे महत्त्वाचं, आक्कांनी एकदा काडी दाताखाली धरली आणि स्पंज तुटून आत राहिला. स्ट्रोकच्या पेशंटचं असं होतं, तोंडात काही गेलं की जबडा आपोआप मिटतो, त्या मुद्दाम करत नाहीत. आक्का कुशीवर होत्या म्हणून स्पंज गालात अडकला, मी चिमट्याने काढला, पाच मिनिटं माझे हात थरथरत होते. नंतर वाचलं की ब्रिटनमधे २०१२ साली याच कारणासाठी सरकारी इशारा निघाला होता, स्पंज काडीपासून सुटून घशात जातो म्हणून. आणि आपल्याकडे डब्यावर एक अक्षर नाही. ओठ ओले करायला वापरा फार तर, दातांच्या आत नको. आणि स्वतःचं बोट तर दातांमधे कधीच घालू नका, जबडा मिटला तर सुटत नाही.

लिंबू-ग्लिसरीनच्या काड्या सरळ टाकून दिल्या. लावल्यावर पाच मिनिटं ओलं वाटतं, नंतर तोंड आणखी कोरडं पडतं, आणि आंबट दातांना वाईट. डेंटिस्ट पण हेच म्हणाले.

क्लोरहेक्सिडिन, ०.२ टक्केवालं. चूळ भरता येत नाही तर ते पाजायचं नाही, झाकणात थोडं घेऊन ब्रश बुडवून, निथळवून, मग दातांवर आणि हिरडीवर फिरवायचं. टूथपेस्टच्या लगेच नंतर नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या औषधाने याचा असर कमी होतो. आम्ही डॉक्टरांनी सांगितलं तेवढे पंधरा दिवस वापरलं. तेवढ्यात दात तपकिरी! आता गंमत सांगते. आक्का आयुष्यभर मिश्री लावणाऱ्या, सकाळी चूल पेटायच्या आधी मिश्रीचा डबा, डॉक्टर झालेला भाचा ओरडला तरी सोडली नाही. मिस्टरांनी ते तपकिरी दात पाहिले आणि मावशींवरच चिडले, “आक्काला मिश्री कुणी दिली?” मावशी बिचाऱ्या रडायला लागल्या. औषधाचा डाग आहे आणि डेंटिस्ट काढून देतात हे कळेपर्यंत घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

जेल मात्र उत्तम. पाण्यातली आहे, तेलकट नाही. ते वाळलेले पापुद्रे ओरबाडून काढायचे नसतात, रक्त येतं. आधी जेलचा पातळ हात टाळूला आणि जिभेला लावायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मऊ पडले की मग ब्रशने अलगद. एप्रिल-मेमधे ४२-४३ डिग्रीत, कूलरचा वारा तोंडावर आणि आक्का तोंड उघडं टाकून झोपणार, दुपारी दर दोन तासांनी जेल लावावीच लागायची. ट्यूब पंधरा दिवसात संपली. पोपटी जीभ-घासणी ठीक, कडा जरा बोथट हव्या होत्या.

आता किट संपल्यावर काय करतो ते सांगते, कारण शेवटी जमलं ते हेच. लहान मुलांचा मऊ ब्रश, ४० रुपये, तोंडात मावतो आणि मागच्या दाढेपर्यंत जातो. फेस कमी येणारी फ्लोराईडची पेस्ट, ज्वारीच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. सक्शन मशीनला साधी सक्शनची नळी, ती गालात ठेवून मावशी धरतात आणि मी घासते. आक्कांना आधी ४५ अंशात बसवायचं, मान किंचित पुढे आणि डाव्या कुशीकडे, म्हणजे चांगल्या बाजूला. लुळ्या बाजूच्या गालात काय काय साठतं ते त्यांना कळतच नाही, तिथे टॉर्च मारून बघायचं. दिवसातून दोनदा घासणं, मधेमधे ओलं करणं. आणि फीडच्या आधी, पोट भरल्यावर लगेच नाही, नाहीतर ओकारी येते आणि सगळी मेहनत फुफ्फुसात. फीड चालू असताना आणि नंतर तासभर डोकं वरच. पाणी उकळून गार केलेलं, कारण आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि पिंपात साठवलेलं पाणी डोळे मिटून तोंडात घालायची माझी तरी हिंमत नाही.

घरी येणारे डेंटिस्ट मिळाले हे आमचं नशीब. त्यांनी एक हलणारा दात काढून टाकला (तो सुटून श्वासनलिकेत गेला असता तर?) आणि कीटण काढलं. म्हणाले, नळीवरच्या पेशंटला कीटण उलट लवकर चढतं, तीन महिन्यांनी बोलवा.

पोटाच्या जखमेचं पण लिहिते, किटशी संबंध नाही पण तोंडाशी आहे. पेग टाकताना ट्यूब तोंडातून आत ओढून पोटातून बाहेर काढतात, म्हणजे तोंडातले जंतू ट्यूबबरोबर पोटाच्या भोकापर्यंत जातात. म्हणूनच आधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन देतात आणि म्हणूनच आदल्या दिवशी तोंड स्वच्छ हवं. आमचं नव्हतं. पाचव्या दिवशी भोकाभोवती लाली पसरायला लागली, गरम, आणि शेजारच्या काकूंनी हळद सांगितली, मी चिमूटभर लावली सुद्धा. सिस्टरनी जे झापलंय! हळद नाही, टाल्कम पावडर नाही, जाड गॉजची गादी नाही, त्याने ओल धरते. सुरुवातीला सलाईनने, जखम भरल्यावर साधा साबण आणि पाणी, गोल गोल आतून बाहेर, आणि कोरडं. हात आधी धुवायचे, हे लिहायची पण लाज वाटते पण मावशी फीडच्या आधी धुवायच्या, ड्रेसिंगच्या आधी विसरायच्या. बाहेरची गोल चकती कातडीला घट्ट आवळलेली नको, साधारण अर्धा सेंटीमीटर जागा. ट्यूबवर आकडे असतात, आमचा ३.५, तो मी भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलाय, रोज बघायचा सरकला का. जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितल्यापासून ट्यूब रोज एकदा पूर्ण गोल फिरवतो, नाहीतर आतली चकती पोटाच्या भिंतीत रुतते. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी. पू, वास, ताप, वाढती लाली, यातलं काही दिसलं तर फोन, आणि ट्यूब निघून आलीच तर घरी ठोकाठोकी न करता लगेच हॉस्पिटल, कारण भोक काही तासात बुजायला लागतं.

एवढं सगळं करूनही परत ताप येणारच नाही असं कुणी लिहून देत नाही. जपानमधे ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं बघितलं होतं, ज्यांचं तोंड नीट घासलं त्यांच्यात ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला आणि बाकीच्यांत १९ टक्क्यांना. म्हणजे होतो, पण कमी होतो. डेंटिस्टनी हे सांगितल्यावर मावशींचा विरोध मावळला असं मला वाटत होतं, पण खरं कारण वेगळं निघालं. एके सकाळी मी ब्रश आक्कांच्या डाव्या हातात दिला, सहज, बघू काय करतात, तर त्यांनी तो टाकून दिला आणि तर्जनी हिरडीवर फिरवायला लागल्या. मिश्री लावतात तशी. डावीकडून उजवीकडे, मग खाली, डोळे मिटून. मावशी म्हणाल्या, “बघा की, त्यांना पण घासायचंच हाय.” तेव्हापासून आधी त्यांचं बोट फिरून होऊ देतो, त्या स्वतःचं बोट चावत नाहीत, मग तोंड थोडं सैल पडतं आणि ब्रश जातो. मार्चपासून अजून तरी अ‍ॅडमिट नाही.

तर किट कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे सक्शन मशीन आहे आणि ब्रशचं सुटं पाकीट कुठे मिळत नाही त्यांनी. बाकीच्यांनी जेल आणि मुलांचा ब्रश सुटा घ्या, साडेतीनशेच्या आत होतं. दुकानदाराला अर्धा स्टार जास्त दिला असता, पण परवा परत गेले तेव्हा नवीन एका बाईला तेच सांगत होता, आयसीयूत हेच वापरतात मॅडम. मी तिला बाहेर थांबवून सगळं सांगितलं, तिच्या सासऱ्यांना कालच नळी टाकलीय.

उरलेल्या चौदा स्पंजच्या काड्या माझ्या पुतणीने नेल्या, चित्रकलेच्या वहीत ढग रंगवायला. ढग छान येतात.